पंचविसावा हुरडा

जानेवारीतला दुसरा रविवार आला, की पुण्यात इकडेतिकडे विखुरलेली काही म्हातारी मंडळी मफलर गुंडाळून सकाळीच मांजरीच्या रस्त्याला लागतात. कुणी कोथरूडहून येतं, कुणी हडपसरहून, एक जण तर थेट इंदापूरहून. ही मंडळी सत्तर साली शेतकी कॉलेजातून एकत्र बाहेर पडली. मग सरकारी जीपमधून सगळा महाराष्ट्र तुडवला, शेतकऱ्यांना सल्ले दिले. त्यातले निम्मे सल्ले शेतकऱ्यांनी ऐकले नाहीत म्हणून महाराष्ट्र अजून पिकतो आहे, असं त्यांच्यातल्याच कौशल्या मराठेंचं मत आहे. त्या कोथरूडला राहतात, त्यामुळे त्यांचं मत कुणी खोडायला जात नाही.

मांजरीला रतन गजभिये यांचं वीस गुंठे रान आहे, आणि त्या रविवारी त्या रानात हुरडा असतो. त्याला नियम एकच. येताना कुणी काही आणायचं नाही. एका वर्षी वर्गातल्या बापूरावांनी प्रेमानं बाकरवडीचा पुडा आणला. रतनरावांनी तो हसून घेतला आणि निघताना तस्सा बापूरावांच्या पिशवीत परत ठेवला. चटणी त्यांच्या पत्नीच्या, चंपाताईंच्या हातची, दही घरचं, आणि हुरडा रानातला. तोही असातसा नाही, गुळभेंडी ज्वारीचा. दर वर्षी चांगली कणसं निवडून बियाणं रतनराव स्वतः राखून ठेवायचे. आगटीजवळ बसून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजायची, गरम कणीस तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवे टपोरे दाणे समोरच्याच्या हातावर ठेवायचे, हे सगळं काम त्यांचं. चोवीस वर्षं यात खंड पडला नव्हता. दोन हजार चौदा साली पंचविसाव्या हुरड्याची बोलणी गणपतीपासूनच सुरू झाली होती.

रतनरावांना या हुरड्याचं एवढं काय, हे समजायला नागपूरच्या पलीकडे, तुमसरच्या बाजूला जावं लागेल. तिकडे धान पिकतो. रतनरावांचे वडील जन्मभर दुसऱ्यांच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, वाकले. रोवणी दुसऱ्याची, कापणी दुसऱ्याची, मळणीही दुसऱ्याचीच. छप्पन साली त्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, परत आल्यावर घरातले देव नदीत सोडले आणि पोराला शाळेत घातलं. पोरगं हुशार निघालं. शिष्यवृत्तीवर पुण्याच्या शेतकी कॉलेजापर्यंत येऊन पोचलं. घरात टीचभर जमीन नाही आणि पोरगा शेती शिकायला निघाला, याचं गावात बरंच हसू झालं. वडील मात्र म्हणाले, "शिक. जमीन कुठं पळून जात नाही."

कॉलेजच्या वसतिगृहात त्यांच्या खोलीत होता रंगराव जगदाळे. इंदापूरकडचा, पाटलाच्या घरातला, घरी जमीन इतकी की हद्द कुठवर हे विचारावं लागे. ज्वारीचा हुरडा म्हणजे काय, हे रतनला त्यानंच कॉलेजच्या शेतावर दाखवलं. रतन भाताच्या मुलखातला. आगटीतलं कणीस त्यानं भाजल्या भाजल्या दोन्ही हातांनी चोळलं आणि तळव्यांवर टपोरे फोड आणले. रंगराव पोट धरधरून हसला, आणि मग फोड बसेपर्यंत मेसमध्ये त्याला भात कालवून देत राहिला. दोस्ती झाली ती अशी. कौशल्याबाईंशी मात्र सगळ्यांचं बोलणं जपून असे. वर्गातल्या दोन मुलींपैकी ती एक, त्यामुळे चार वर्षं "अहो गजभिये" आणि "अहो मराठे" यापुढे गाडी सरकली नाही. निवृत्तीनंतर मात्र एके दिवशी तिनं "रतन, गप्प बस जरा" म्हटलं आणि सगळ्यांना एकदम आपण म्हातारे झालो याचा आनंद झाला.

रतनराव कृषी खात्यात लागले, चंपाताई महापालिकेच्या शाळेत. विश्रांतवाडीला घर झालं. अठ्ठ्याऐंशी साली बरोबरीचे लोक फ्लॅट बुक करत होते तेव्हा या दोघांनी कलेक्टरची परवानगी काढून मांजरीला रान घेतलं. आजूबाजूला सगळा ऊस. ऑफिसात कुणी म्हणालं, "गजभिये, उसात कोल्हे पाळणार का?" सातबाऱ्यावर नाव चढलं त्या संध्याकाळी रतनराव एकटेच रानात जाऊन बांधावर बसून राहिले. ते बघायला वडील उरले नव्हते, एवढंच त्यांना लागलं.

मग देशाची दारं उघडली आणि पुण्याचा नकाशाच बदलला. खासगी बियाणं कंपन्या आल्या, खात्यातले काही जण तिकडे गेले. मगरपट्टा झालं, खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि तिथं काम करणाऱ्यांना राहायला जागा हवी म्हणून मांजरीचा ऊस मागं हटत हटत गेला. रतनरावांच्या रानाच्या दोन्ही अंगांना चौदा चौदा मजले चढले. त्या इमारतींची नावं इतकी इंग्रजी की वॉचमनलासुद्धा ती पाटीवर वाचून सांगावी लागत. त्यातल्या एका बिल्डरचा माणूस रतनरावांकडे वरचेवर यायचा. ते त्याला चहा पाजायचे, तुमसरचा धान कसा असतो ते सांगायचे आणि वाटेला लावायचे. त्यांचा मुलगा सौरभ खराडीलाच आयटीत होता. अमेरिकेतल्या कुठल्याशा बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायचा. रतनरावांना त्याचा फार अभिमान. गजभियांच्या घरात एका पिढीनं रान मिळवलं, दुसरीनं संगणक, असं ते पाहुण्यांना सांगत. पाहुण्यांनी ते आधी ऐकलेलं असलं तरी सांगत.

तर त्या वर्षी, सप्टेंबर संपता संपता, ऐन पेरणीच्या तोंडावर, ओलं रान वापशावर येण्याची, म्हणजे पेरण्याजोगं होण्याची वाट बघत असताना, रतनरावांच्या छातीत कळ आली. बायपास करावी लागली. शुद्धीवर आल्यावर माणसं बायकोचं नाव घेतात, देवाचं घेतात. यांनी डोळे उघडले आणि चंपाताईंना विचारलं, "वापसा आला का?"

चंपाताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, आधी तुमचा वापसा येऊ द्या. मग रानाचं बघू."

डॉक्टरांनी शेतात पाऊल टाकायचं नाही, असं बजावलं होतं. रतनरावांना छातीच्या टाक्यांपेक्षा ते जास्त लागलं. जमिनीतली ओल निघून चालली होती. पेरणी चुकली तर पंचविसाव्या वर्षी वर्गाच्या हातावर काय ठेवायचं? त्यांनी ते कुणाला बोलून दाखवलं नाही, पण भेटायला आलेल्या रंगरावाला चेहरा वाचता येत होता.

"रत्या, तू फक्त श्वास घे," रंगराव म्हणाला. "बाकी आम्ही बघतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"अरे, मी निवृत्त कृषी सहसंचालक. ही कौशल्या मृदाशास्त्रज्ञ. हा बापूराव कीटकशास्त्रज्ञ. वीस गुंठ्यांना आणखी काय पाहिजे, कृषिमंत्री?"

"म्हणूनच भीती वाटते," रतनराव म्हणाले. पण त्यांनी चंपाताईंना कपाटातली बियाण्याची पिशवी काढून द्यायला सांगितलं.

पेरणी झाली. उगवणही चांगली झाली. वर्गाचा व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप होता. तिथं रोज सकाळी सूर्योदय, गुलाब आणि सुविचार यांचा पाऊस पडायचा. आता त्यात ज्वारीचे फोटो येऊ लागले. घरी आरामखुर्चीत पडून रतनराव ते बोटांनी मोठे करून बघायचे. नोव्हेंबरात सगळं रान दिसत होतं. डिसेंबरात नुसती पानं दिसू लागली. नाताळ उलटला तसे फोटोत फक्त वर्गमित्रांचे चेहरेच दिसायला लागले. "कणसं दाखवा की," असं रतनरावांनी लिहिलं. रंगरावानं उत्तरादाखल हात जोडलेलं चित्र आणि एक सूर्यफूल पाठवलं.

जानेवारीतला दुसरा रविवार आला. डॉक्टरांनी फिरायला परवानगी दिली होती. सौरभनं गाडी काढली, चंपाताईंनी चटण्यांचे डबे घेतले. रतनरावांनी हुरड्याला घालायचा ठेवणीतला खादीचा सदरा घातला. रानाच्या तोंडाशी गाडी थांबली तेव्हा सगळा वर्ग भिंतीसारखा दाटीनं स्वागताला उभा होता. टाळ्या झाल्या, कौशल्यानं गळ्यात हार घातला. आगटी पेटलेली होती. एक प्लास्टिकची खुर्ची मांडून ठेवली होती आणि रंगरावानं रतनरावांना हाताला धरून त्या खुर्चीत बसवलं.

खुर्चीचं तोंड इमारतीकडे होतं. पाठ रानाकडे.

"इकडे कशाला तोंड?" रतनरावांनी विचारलं.

"ऊन लागेल तुला," बापूराव घाईघाईनं म्हणाले. जानेवारीतल्या सकाळच्या उन्हाला पुण्यात माणसं तोंड करून बसतात, हे कीटकशास्त्रात शिकवत नसावेत.

ताटलीत गरम हुरडा आला. रतनरावांनी चिमूटभर तोंडात टाकला आणि जिभेवर घोळवला. गुळभेंडीचा दाणा त्यांच्या जिभेनं चोवीस वर्षं ओळखला होता. हा दाणा चवीला चांगला होता, पण परका होता. त्यांनी ताटली हळूच खाली ठेवली.

"हा हुरडा कुठला?"

संतोष, म्हणजे मागच्या बाजूच्या रानातला शेतकरी आणि रतनरावांच्या रानाला पाणी देणारा, एकदम आगटीतल्या गोवऱ्या सारू लागला. रतनराव खुर्चीतून उठले. "अहो, हळू," असं चंपाताई म्हणेपर्यंत ते वळलेही होते.

समोर ज्वारी होती. इतकी ज्वारी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. डोक्याच्याही वर वाढलेली, उसासारखी जाड, हिरवीगर्द. आणि त्यातली निम्मी भुईवर आडवी पडलेली, लग्नाच्या पंगतीनंतर व्हरांड्यात वऱ्हाडी पसरावेत तशी. कणसं अजून कोवळी होती, आत्ता कुठे दाणा धरू लागली होती.

"काहून रे?" रतनराव म्हणाले. पुण्यात पन्नास वर्षं काढूनही राग आला की त्यांच्या तोंडी तुमसर येई. "काहून झालं असं? किती युरिया घातला?"

"मी शिफारशीनुसारच दिला," रंगराव म्हणाला. "पेरताना एक मात्रा, आणि मग एक."

"तू दिला होतास?" कौशल्या वळली. "मी माती तपासली तेव्हा नत्र कमी निघालं. मग मीही दिला."

"माती कधी तपासलीस?"

"पेरणीच्या आधी."

"मग माझा कसा दिसणार त्यात!"

बापूरावांनी घसा साफ केला. "मला पानं जरा पिवळी वाटली होती. पीक जोमात असलं की कीड पचवतं, म्हणून थोडा मीही..."

आता सगळ्यांच्या माना संतोषकडे वळल्या. संतोषनं हात झटकले. "साहेब, परतेकानं सांगितलं, दुसऱ्याला बोलायचं न्हाय. पंचविसाव्या हुरड्याला सगळ्यांना धक्का द्यायचाय म्हनं. म्या कशाला बोलू? आन मला वाटलं, येवडी मोठी मान्सं टाकत्यात, तर आपुन मागं का ऱ्हावा? म्या बी अर्धं पोतं फेकलं. पानी तर मोपच दिलं."

जे पीक जानेवारीत हुरड्याला यायचं, ते चौघांच्या मायेनं नुसतं वाढतच सुटलं होतं. कणसं धरायची त्याला आठवणच राहिली नव्हती. उंची पेलेना तेव्हा एका वाऱ्यात लोळलं. पीक वेळेवर हुरड्याला येत नाही, हे डिसेंबरातच सगळ्यांना कळलं होतं. मग त्यांनी नगर रस्त्यावरून विकतचा हुरडा आणला आणि खुर्चीची पाठ रानाकडे केली. सगळं आयुष्य शेतीत घालवलेल्या माणसाला ज्वारीचा दाणा ओळखू येणार नाही, असं हे विद्वान धरून चालले होते.

"विकतचा हुरडा," रतनराव म्हणाले. "माझ्या आगटीवर. माझ्या लोकांना. अरे, माझ्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी दुसऱ्याला आपल्या रानातलं काही दिलं नव्हतं. द्यायला रानच नव्हतं. वर्षातून हा एक दिवस माझा, आणि त्या दिवशी तुम्ही मला बाजारातलं खायला घालता?"

आगटीतून धूर निघत होता. बोलली ती कौशल्या.

"रतन, तुझ्या छातीला टाके आहेत, म्हणून आम्ही लपवलं. नाहीतर तुला घाबरावं असं तुझ्यात कधीच काही नव्हतं."

रतनराव तिच्याकडे बघत राहिले. मग रंगरावाकडे, बापूरावांकडे, संतोषच्या पडलेल्या तोंडाकडे. तीन विद्वान आणि एक शेतकरी, चौघांनी एकमेकांना चोरून एकाच वीस गुंठ्यांत युरिया ओतला. का, तर रत्याचा हुरडा आपल्या हातून चांगला व्हावा! त्यांच्या पोटातून हसू उसळलं. छाती दुखली तसे ते दोन्ही हातांनी छाती धरून हसू लागले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी आलं, ते कशाचं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. सौरभ धावत आला. "बाबा, बाबा!" पण बाबा हसतच होते, आणि मग सगळा वर्ग हसायला लागला.

हसू ओसरल्यावर रतनराव बांधावर गेले. त्यांनी एक कणीस वाकवून दाणा नखानं दाबला. नखावर पाणचट दूध आलं.

"मेलेलं नाही," ते म्हणाले. "उशीर झालाय फक्त. पडलेली ज्वारीची धाटं उचलून चार-चार, पाच-पाच एकत्र बांधा. पाणी आजपासून बंद. फेब्रुवारीत हुरडा होईल. तोवर राखण तुमची. आणि युरियाच्या पोत्याला जो हात लावेल त्याला मी वर्गातून काढून टाकेन."

फेब्रुवारीतली राखण म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं. वर्गालाही ते लवकरच कळलं. आसपासच्या रानांतली ज्वारी कधीच काढून झालेली. इमारतींच्या मधोमध उरलेला हा एकुलता एक हिरवा तुकडा. हडपसरपासून मांजरीपर्यंतच्या यच्चयावत पोपटांना, चिमण्यांना आणि साळुंक्यांना त्याची खबर लागली. पहाट झाली की थवे उतरायचे.

म्हणून पाळ्या लागल्या. संतोषनं बांबूंचा माळा बांधून दिला. रंगराव इंदापूरला परत गेलाच नाही, विश्रांतवाडीला रतनरावांच्याच घरी मुक्काम ठोकला. सकाळी दोघं मिळून सौरभच्या गाडीतून मांजरीला यायचे. माजी सहसंचालक माळ्यावर चढून गोफण फिरवायचा. गोफणीचा दगड एकदाही पाखरांकडे गेला नाही, एकदा मात्र संतोषच्या कौलावर गेला. मग गोफण जप्त झाली आणि सगळे घशावर आले. कौशल्या कोथरूडहून दोन बस बदलून यायची आणि पितळी थाळीवर पळी बडवायची. बापूरावांना पाखरं हाकलण्यापेक्षा कुठल्या जातीची आहेत हे बघण्यात जास्त रस. एक साळुंकी ओळखेपर्यंत दुसऱ्या दहा कणसांवर बसायच्या.

इमारतींतल्या लोकांना हा काय प्रकार चालला आहे ते समजेना. कुणी बाल्कनीतून व्हिडिओ काढले, कुणी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकली. एका सकाळी एक तरुणी पायात स्पोर्ट्स शूज घालून खाली आली आणि कौशल्याला म्हणाली, "आंटी, आवाज थोडा कमी करता येईल का? आमचा कॉल असतो."

"आमचाही कॉलच आहे," कौशल्या थाळी खाली न ठेवता म्हणाली. "तुमचा अमेरिकेला, आमचा पाखरांना. त्यांनी उचलला की बंद करू."

त्या मुलीचं नाव पायल होतं आणि ती जळगावकडची होती. हुरडा म्हटल्यावर तिचे डोळे लकाकले. "घरी जायला मिळालं नाही ओ यंदा," ती म्हणाली. त्यानंतर त्या इमारतीतून तक्रार आली नाही.

एकदा सगळ्यांचीच काही ना काही अडचण निघाली. कुणाची नातवंडं, कुणाचे डोळ्यांचे डॉक्टर. त्या दिवशी सौरभनं घरून काम करतो म्हणून ऑफिसला कळवलं आणि लॅपटॉप घेऊन माळ्यावर जाऊन बसला. रतनराव खाली बांधावरच्या खुर्चीत, तोंड रानाकडे करून. वरून इंग्रजी ऐकू येत होतं, सर्व्हर, डेटाबेस असलं काहीतरी, आणि मध्येच "हाऽऽऽ हुर्र!" मग पलीकडच्या माणसाची माफी, आणि पुन्हा सर्व्हर. रतनराव ऐकत राहिले. ज्या पोरानं लहानपणी शेतात यायला कटकट केली, बिल्डरचं एकदा ऐकून तरी घ्या म्हणून दोनदा सुचवलं, तो आज कामावर असताना बापाची ज्वारी राखत होता. त्यांना एकदम इतकं भरून आलं की त्यांनी उगाच संतोषला हाक मारून पाण्याबद्दल काहीतरी विचारलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी कणसात दाणा भरला. रतनरावांनी तो नखानं दाबला, दातानं फोडला आणि मान डोलावली. ग्रुपवर निरोप गेला. या वेळी जानेवारीपेक्षाही जास्त माणसं आली. नाशिकचा एक वर्गमित्र जो वीस वर्षांत आला नव्हता, तो मुलाच्या खांद्याचा आधार घेत आला. युरियाची गोष्ट एव्हाना सगळ्या बॅचमध्ये पसरली होती आणि प्रत्येकाला ती गुन्हेगारांच्या तोंडून ऐकायची होती. पायल आपल्या मैत्रिणीला घेऊन उतरली. इमारतीच्या चार-पाच बाल्कन्यांत माणसं उभी राहून बघत होती. खाली बांधलेल्या ज्वारीच्या जुडग्यांमधून म्हातारे हिंडत होते, कणसं तोडत होते, कुठलं चांगलं यावर भांडत होते. रतनरावांना वाटलं, आपल्या या वर्गाला कुणीतरी बघतं आहे हे बरं आहे. बघण्यासारखा आहे तो.

सवयीनं ते आगटीकडे निघाले, तर तिथं जागा नव्हती. रंगराव, कौशल्या आणि बापूराव तिघंही निखाऱ्यांभोवती उकिडवे बसले होते, गुडघे दुखत असूनही. रंगरावानं कणीस निखाऱ्यातून काढलं आणि हात भाजत असतानाही चोळत राहिला. त्याचे तळवे लाल झाले होते. फुंकर मारून त्यानं कोंडा उडवला. मग त्या जाड्या माणसानं एक हात जमिनीवर टेकून स्वतःला उभं केलं, ओंजळीतले दाणे सांडू न देता रतनरावांपर्यंत आला आणि ओंजळ पुढं केली.

"घ्या मालक," तो म्हणाला. "आधी तुम्ही."

रत्या सोडून दुसऱ्या नावानं त्यानं त्यांना कधी हाक मारली नव्हती. रतनरावांनी त्याच्या डोळ्यांत बघितलं. थट्टा नव्हती. इंदापूरच्या पाटलाचा नातू लाल झालेल्या हातांनी उभा होता आणि त्यांनी घ्यायची वाट बघत होता.

मालक हा शब्द रतनरावांच्या वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांना म्हटला होता. बांधीच्या कडेला, उन्हात, हात बांधून, मान खाली घालून, उभं राहून. त्यांना कधी कुणी बस म्हटलं नाही. त्या घरात तो शब्द कुणाला उद्देशून अजून आला नव्हता.

रतनरावांनी दोन्ही हात पुढं केले. दाणे ऊन होते. त्यांनी ते तोंडात टाकले, सावकाश चावले, आणि सगळा वर्ग निकालाच्या दिवशी बोर्डापुढं उभा राहावा तसा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. चंपाताईंनी पदर डोळ्यांना लावला होता.

"कसा आहे?" शेवटी कौशल्याला राहवेना.

रतनरावांची मान ताठ होती आणि डोळे वाहत होते. ते त्यांनी पुसले नाहीत. त्यांनी एकवार सगळ्यांवरून नजर फिरवली. वर्गावरून, सौरभवरून, संतोषवरून, इमारतीतून उतरलेल्या त्या दोन मुलींवरून.

"बसा," ते म्हणाले. "सगळे बसा. माझ्या रानात कुणी उभं राहायचं नाही."